कमी देखभालीची चेन: कुणी घ्यावी, कुणी पैसे वाचवावेत

तेरच्या बाजारात, ढोकीत किंवा धाराशिवला स्पेअर पार्टच्या दुकानात मोटारसायकलचा चेनसेट मागितला की हल्ली उलटा प्रश्न येतो: "साधी देऊ, का ओ-रिंगची?" ओ-रिंगच्या चेनला तेल लावायची कटकट नाही आणि ती दुप्पट चालते, असं दुकानदार सांगतो. मेकॅनिक म्हणतो की तुमच्या गाडीला ती बसायचीच नाही. किंमत मात्र दुपटीच्या आसपास असते, त्यामुळे गिऱ्हाईक काउंटरवर घुटमळतं. तिला खरंच तेल लागत नाही का, स्प्लेंडरला ती चालते का, रॉकेलनं धुतली तर खराब होते का, हे प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं देण्यासाठी हा लेख.

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. तुमची गाडी १०० ते १२५ सीसीची असेल आणि तिची चेन पूर्ण बंद कव्हरात असेल, तर चांगल्या कंपनीची साधी चेन घ्या आणि वाचलेल्या पैशांतून ९० नंबरच्या गिअर ऑइलची बाटली आणा. चेन उघडी असेल, रोजचं चालणं जास्त असेल आणि वाट चिखला-फुफाट्याची असेल, तर ओ-रिंगची चेन पैसे वसूल करून देते. गाडी कारखान्यातूनच ओ-रिंग किंवा एक्स-रिंगची चेन घेऊन आली असेल, तर स्वस्त पडते म्हणून तिला साधी चेन बसवू नका.

चेन झिजते कुठे?

निर्णयाला लागेल एवढंच सांगतो. चेनच्या प्रत्येक कडीत एक पिन असते. पिनेभोवती बुश, बुशाभोवती फिरणारा रोलर आणि दोन्ही बाजूंना पत्त्या. चेन स्प्रॉकेटवर वळते तेव्हा पिन बुशाच्या आत फिरते आणि खरी झीज तिथेच होते. "चेन ताणली" असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलेलं नसतं. शंभरेक सांध्यांत पिन आणि बुश थोडे थोडे घासले जातात, त्या सगळ्याची बेरीज होऊन चेन लांबते.

म्हणून तेल पिन आणि बुश यांच्यामध्ये पोचायला हवं. बैलगाडीच्या आखाला वंगण घालणाऱ्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नसे. चाकाच्या धावेला वंगण फासून काय उपयोग, ते आखाच्या आत जायला हवं. चेनवर बाहेरून ग्रीसचा थर थापणारे नेमके हेच विसरतात. घट्ट ग्रीस आत शिरत नाही, बाहेर राहून धूळ धरतं.

ओ-रिंगची चेन काय करते, आणि काय करत नाही

या चेनमध्ये आतली आणि बाहेरची पत्ती यांच्यामध्ये प्रत्येक सांध्याला रबराची बारीक कडी बसवलेली असते. कारखान्यात पिन आणि बुश यांच्यात ग्रीस भरतात, आणि ही रबरी कडी ते ग्रीस आत व पाणी-माती बाहेर ठेवते. कडीचा छेद गोल असेल तर ओ-रिंग, फुलीसारखा असेल तर एक्स-रिंग. एक्स-रिंग पत्तीला कमी जागी पण जास्त कडांनी टेकते, त्यामुळे घर्षण कमी होतं आणि ग्रीस जास्त टिकतं. ती ओ-रिंगपेक्षा महाग असते.

म्हणजे आतल्या वंगणाची काळजी कारखान्यानं घेतलेली असते. पण रोलर आणि स्प्रॉकेटचे दात एकमेकांवर आपटतात ते बाहेर, तिथे ग्रीस नाही. पत्त्यांना गंज लागतो तोही बाहेरूनच. रबरी कडी कोरडी पडली की कडक होते, तडकते, आणि एकदा फाटली की त्या सांध्यातलं ग्रीस निघून जातं. ते पुन्हा भरता येत नाही. "तेल लावायचं कामच नाही" हे दुकानातलं वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. अनेक कंपन्यांच्या पुस्तिका या चेनलाही ठरावीक किलोमीटरनंतर पुसायला आणि तेल द्यायला सांगतात. देखभाल कमी होते, पण संपत नाही.

जवळपास बिनदेखभालीची चेन जगात आहे. बीएमडब्ल्यूनं २०२० मध्ये आपल्या मोठ्या मोटारसायकलींसाठी अशी चेन आणली. तिच्या आत कायमचं ग्रीस आहे आणि रोलरवर हिऱ्याच्या जातीच्या कार्बनचा अतिकठीण थर आहे, त्यामुळे बाहेरूनही तेल लागत नाही. ती त्या मोठ्या गाड्यांच्या मापाची आहे. आपल्याकडे १०० सीसीच्या गाडीसाठी कुणी "मेंटेनन्स फ्री" चेन दाखवली, तर पाकिटावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

आणखी दोन गोष्टींनी फसू नका. सोनेरी किंवा "ब्रास" म्हणून विकला जाणारा पिवळा चेनसेट म्हणजे ओ-रिंगचा चेनसेट नव्हे. तो पिवळा मुलामा आहे, आत पोलादच आहे. मुलाम्यानं गंज थोडा उशिरा लागतो, सांध्यातली झीज थांबत नाही. तसंच ४२८ या चेनच्या मापानंतरचं "एच" हे अक्षर जाड पत्तीसाठी आहे. ती चेन मजबूत असते, पण सीलबंद नसते. ओळख सोपी आहे. चेन हातात घ्या, दोन पत्त्यांच्या फटीत बघा. काळी (कधी रंगीत) रबरी कडी डोकावत असेल तर सील चेन, नाहीतर साधी.

आधी आपली गाडी बघा

*१०० ते १२५ सीसी, पूर्ण चेनकव्हर.* स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन यांसारख्या गाड्या. तेर-ढोकी-मुरूड पट्ट्यात सगळ्यात जास्त दिसतात त्या याच. त्यांचं इंजिन छोटं, चेनवरचा जोर कमी, आणि बंद कव्हर धूळ-चिखल बराच अडवतं. कव्हर शाबूत असेल तर ओ-रिंगचं अर्धं काम ते फुकटात करतं. रबरी कड्यांमुळे चेन वाकताना थोडं जास्त घर्षणही होतं. मोठ्या इंजिनाला ते जाणवत नाही, पण ॲव्हरेजवर नजर ठेवून घेतलेल्या छोट्या गाडीत ती भर कशाला घालायची? शिवाय त्याच मापाच्या सील चेनच्या पिना लांब असतात. त्यामुळे चेन रुंद होते आणि काही गाड्यांत पुढच्या स्प्रॉकेटपाशी केसिंगला किंवा कव्हराला घासते. मेकॅनिक "बसत नाही" म्हणतो ते म्हणूनच, आणि बऱ्याचदा त्याचं खरं असतं. या गाड्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: साधी चेन, चांगल्या कंपनीची, कव्हरासकट.

हे कव्हर वाजतं म्हणून, किंवा पावसाळ्यात आत गारा साठतो म्हणून कितीतरी लोक काढून घरी ठेवतात. तसं करू नका. वाजत असेल तर बोल्ट आणि रबरी वॉशर बदला, काही रुपयांचं काम आहे. हा फक्त चेनच्या आयुष्याचा प्रश्न नाही. मागे बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी उघड्या चेनमध्ये ओढली जाऊन जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ मागच्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण सक्तीचं करतो. चेनकव्हर आणि साडीगार्ड दोन्ही जागेवर हवेत.

*१२५ ते १६० सीसी, उघडी किंवा अर्धी झाकलेली चेन.* खरा विचार इथे करावा लागतो. गाडी रोज कामाला असेल, वाटेत कच्चा रस्ता असेल आणि तेल लावायला हात लागत नसेल, तर ओ-रिंगची चेन घ्यावी. अट एकच, तुमच्या मॉडेलसाठी ती मिळायला हवी. "थोडं घासून बसवतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा.

*२०० सीसी आणि वर.* यांतल्या बहुतेक गाड्या सील चेनच घेऊन येतात. इथे प्रश्न फक्त ओ-रिंग की एक्स-रिंग एवढाच. कंपनीनं दिलेल्या जातीहून हलकी नको. मोठ्या इंजिनाच्या झटक्यात साधी चेन लवकर लांबते, आणि अशा गाडीची चेन वेगात तुटली तर ती पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनाचं केसिंग फोडू शकते किंवा मागचं चाक जाम करू शकते.

मग आपली वाट बघा

पुण्यातल्या डांबरी रस्त्यावर कोणती चेन किती चालली, यावरून तेरला निर्णय घेता येत नाही. तेरणाकाठची काळी माती ओली झाली की चाकाला, मडगार्डला, चेनला चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. उन्हाळ्यात तीच वाट गुडघाभर फुफाटा देते. या धुळीत बारीक खडीचे कण असतात, आणि तेलात मिसळले की ते घासकागदाचं काम करतात. तगर म्हणून तेरचा उल्लेख दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात येतो. इथला माल मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर भडोचला जात असे, असं तिथे लिहिलंय. गावाबाहेरचा मुख्य रस्ता आता डांबरी झाला, पण वस्तीवरून डेअरीपर्यंत आणि शिवारातल्या पाणंदीनं रानापर्यंतची वाट अजून बऱ्याच ठिकाणी तशीच आहे.

स्वतःला हे प्रश्न विचारा:

- रोजच्या वाटेत कच्चा रस्ता किती? ओढा, पाट, पाणी तुंबलेली जागा ओलांडावी लागते का?
- गाडीवर ओझं काय असतं? दुधाचे कॅन, खताचं पोतं, वैरणीचा भारा, की फक्त तुम्ही?
- गाडी रात्री कुठे उभी असते? उघड्यावर पावसात भिजत असेल तर गंज धरून चाला.
- चेनकडे बघतं कोण? एका गाडीवर तिघे चालवणारे असले की तेल कुणीच लावत नाही.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्या, कारण सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडतो. पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं देणाऱ्या माणसाच्या हातात साधी चेन छान चालते. ज्यांना ते जमत नाही, उदाहरणार्थ पहाटे चारला दूध घेऊन निघणारा आणि रात्री थकून परतणारा माणूस, त्यांच्यासाठीच ओ-रिंग बनली आहे. त्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

हिशेब कसा मांडायचा

किंमत भागिले किलोमीटर, इतकं सोपं आहे. पुढचे आकडे केवळ रीत समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही आपल्या दुकानातला भाव आणि आपल्या मागच्या चेनसेटचं आयुष्य घाला.

- धरा, साधा चेनसेट १,२०० रुपयांचा आणि नीट तेल घातल्यावर १५,००० किलोमीटर चालला. खर्च किलोमीटरला ८ पैसे.
- धरा, ओ-रिंगचा चेनसेट २,६०० रुपयांचा आणि २५,००० किलोमीटर चालला. खर्च किलोमीटरला साधारण साडेदहा पैसे. म्हणजे महागच पडला. या भावात बरोबरीला यायला त्यानं ३२,५०० किलोमीटर चालायला हवं.
- आता धरा, साध्या चेनला तेलच घातलं नाही आणि ती ७,५०० किलोमीटरवर गेली. खर्च १६ पैसे. इथे ओ-रिंग जिंकली.

किंमत दुप्पट असेल तर आयुष्य दुपटीहून जास्त मिळायला हवं, एवढं ध्यानात ठेवलं की दुकानात फसायला होत नाही. बदलायची मजुरी दोन्ही बाजूंना मिळवा. साधी चेन दोनदा बदलाल तिथे मजुरीही दोनदा लागते, आणि दोन खाडेही होतात. ऐन सोयाबीनच्या काढणीत गाडी दिवसभर गॅरेजात अडकली तर त्या खाड्याची किंमत तुम्हालाच माहीत.

दुकानात उभं असताना

चेनचं माप तिच्या पत्तीवर कोरलेलं असतं. ४२८ मधला ४ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर ४/८ इंच, म्हणजे १२.७ मिमी. ५२० मध्ये ते ५/८ इंच, १५.८७५ मिमी. मागचे दोन आकडे रुंदीचे. आपल्या १०० ते १६० सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ लागते, पण अंदाजानं घेऊ नका. हे तपासा:

1. माप, कड्यांची संख्या, आणि पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे दात. तिन्ही गाडीच्या पुस्तिकेशी किंवा जुन्या सेटशी जुळले पाहिजेत. "पुढचा एक दात कमी घ्या, ओढ वाढते" हा सल्ला ऐकाल. ओढ वाढते, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि ॲव्हरेज पडतं.
2. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन म्हणजे नव्या चेनचे पैसे पाण्यात. ओ-रिंगच्या बाबतीत तर हे नुकसान दुप्पट.
3. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार ते बंधनकारक आहे. आयात माल असेल तर मूळ देशही.
4. रोलॉन, डायमंड यांसारख्या परिचित नावांचा माल अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. छपाई पुसट, नावाचं स्पेलिंग थोडं वेगळं, पत्तीवर कोरीव खूणच नाही, असा माल स्वस्त असला तरी ठेवून द्या.
5. पक्कं बिल घ्या. त्यावर कंपनीचं नाव, चेनचं माप आणि "ओ-रिंग" हा शब्द लिहून घ्या. नुसतं "चेनसेट १ नग" लिहिलेलं बिल भांडणाच्या वेळी कामाला येत नाही.

बसवताना शेजारी थांबा

जोडकडीच्या लॉकचं बंद टोक चेनच्या चालण्याच्या दिशेला हवं. उलटं बसलं तर दगड-काडी लागून क्लिप निसटते. ओ-रिंगच्या चेनमध्ये जोडकडीसोबत चार छोट्या रबरी कड्या आणि ग्रीसची पुडी येते. घाईत एखादी कडी बसवायची राहते आणि तो एक सांधा महिन्या-दोन महिन्यांत वाजायला लागतो. म्हणून चारही मोजून बसवल्या का, ते स्वतः बघा.

ताण किती ठेवायचा ते पुस्तिकेत किंवा मागच्या चिमट्यावरच्या (स्विंगआर्मवरच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिमी खेळ सांगतात. खालच्या बाजूच्या मधोमध चेन वर-खाली करून पट्टीनं मोजा. चाक हळूहळू फिरवत तीन-चार जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी घट्ट नसते. जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथला खेळ धरा. ओझं वाहणाऱ्यांनी चेन जास्त आवळू नये. दोन माणसं आणि एक पोतं चढलं की चिमटा वर जातो आणि चेन आणखी घट्ट होते. मग तिचा सगळा ओढा गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. अति घट्ट चेन ढिल्या चेनहून जास्त नुकसान करते.

दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत ना, तेही बघा. चाक तिरकं बसलं तर कितीही महागडी चेन एका बाजूनं खाल्ली जाते.

तेल आणि सफाई: काय चालतं, काय चालत नाही

कोणतीही चेन घ्या, इथे चुकलात तर लेखातलं बाकी सगळं वाया.

चालत्या इंजिनवर चेन कधीही पुसू नका. गाडी मेनस्टँडवर, पहिल्या गिअरला, आणि हातात फडकं, हे दृश्य आपल्याकडे रोजचं आहे. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्यासोबत बोटं जातात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि चाक हातानं फिरवायचं. घरातल्या पोरांनाही हे बजावून ठेवा.

साधी चेन:

- साधारण ५०० किलोमीटरनंतर, आणि चिखलातून किंवा पावसातून आल्यावर लगेच. बंद कव्हर असेल तर त्याचं रबरी झाकण काढून आत बोट घाला. कोरडं लागलं की वेळ झाली.
- माती ओली असतानाच साध्या पाण्यानं उतरवा, मग रॉकेल आणि मऊ ब्रश, मग कोरडं फडकं. रेशनचं रॉकेल आता सहज मिळत नाही. मिळालं नाही तर चेन क्लीनरचा स्प्रे वापरा.
- ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूनं, पत्त्यांच्या फटीत थेंब थेंब सोडा. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना केलं तर तेल आत लवकर मुरतं. रात्री लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी वरचं जास्तीचं पुसा. हे पुसणं टाळू नका, नाहीतर दिवसभराचा फुफाटा त्यावर बसतो.

सील चेन:

- सफाईला रॉकेल किंवा पाकिटावर "ओ-रिंगसाठी सुरक्षित" असं छापलेला क्लीनर. पेट्रोल आणि थिनर अजिबात नको, त्यांनी रबर खराब होतं.
- तारेचा ब्रश नको. सर्व्हिसिंग सेंटरमधल्या जोरदार पाण्याच्या फवाऱ्याचं तोंड चेनवर धरू देऊ नका, पाणी रबरी कडीच्या मागे घुसतं. धुवायला गाडी देताना हे तोंडानं सांगा.
- तेल तेच ९० नंबरचं, किंवा ओ-रिंगसाठीचा स्प्रे. थोडं पुरे. ते रबर ओलं ठेवायला आणि रोलरला हवं असतं.

दोन्हींसाठी एक सूचना. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल चेनवर टाकायची सवय सोडा. ते फुकट असतं हे खरं, पण त्यात इंजिनातले धातूचे बारीक कण आणि काजळी असते, आणि पातळ असल्यामुळे ते उडून टायरवर जातं. ट्रॅक्टरसाठी आणलेलं ९० नंबर ऑइल घरात असेल तर त्यातली पाव बाटली बाजूला काढा, वर्षभर पुरते.

चेन संपली हे कसं ओळखायचं

आवाजावर जाऊ नका. "कट-कट" आवाज किंवा गिअर टाकताना बसणारा झटका मागच्या हबमधली रबरं झिजल्यामुळेही येतो, आणि लोक चांगली चेन बदलून बसतात. आधी हबची रबरं बघायला सांगा.

मग मोजा. ४२८ च्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत, म्हणजे २० कड्या, नव्या चेनला २५४ मिमी भरतात. चेन ताणून धरा आणि तीन वेगवेगळ्या जागी मोजा. माप २५९ मिमीच्या आसपास गेलं तर साधी चेन संपली. ५२० च्या चेनला नवं माप ३१७.५ मिमी. सील चेन अनेक पुस्तिका साध्या चेनहून कमी वाढीलाच बदलायला सांगतात, तुमच्या पुस्तिकेतला आकडा पाळा. पट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या मागच्या टोकाला चेन बोटानं मागे ओढा. अर्धा दात उघडा पडत असेल तर वेळ आली आहे.

सील चेनमध्ये आणखी दोन खुणा बघा: पिनेभोवती तांबूस भुकटी दिसणं, आणि एखादी कडी वाकलेलीच राहणं. दोन्हींचा अर्थ तिथली रबरी कडी गेली असा आहे. एक-दोन सांधे गेले की मधली कडी बदलून भागत नाही, पूर्ण सेटच घ्यावा लागतो.

माल खराब निघाला तर

चेन हा झिजणारा भाग आहे, त्यामुळे गाडीच्या वॉरंटीत तो सहसा धरला जात नाही. पण झीज वेगळी आणि दोष वेगळा. ओ-रिंग म्हणून साधी चेन दिली, बनावट माल दिला किंवा पहिल्या महिन्यातच पत्ती तडकली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूनं आहे.

- बिल न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणंही. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. दोष असेल तर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीनं दुकानदाराची सुटका होत नाही.
- आधी दुकानदाराला लेखी कळवा, तारखेसह. व्हॉट्सॲपवर फोटोसकट पाठवलं तरी पुरावा राहतो. जुनी चेन, पाकीट आणि बिल जपून ठेवा. तपासणीची वेळ आली तर चेन हातात लागते.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मराठीतही बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
- न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. माल पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवला असला तरी धाराशिवला दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची.
- गाडीवर दूध किंवा भाजी विकत असाल तर "हा धंद्याचा माल, तुम्ही ग्राहक नाही" असं कुणी सांगेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः कष्ट करणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो.

दोष निघाला की चूक बसवणाऱ्या मेकॅनिकची की मालाची, हा वाद मात्र होतो. तो टाळायचा असेल तर मजुरीचीही पावती घ्या, आणि नव्या चेनचं २० कड्यांचं माप व मीटरवरचा आकडा त्या पावतीच्या मागे लिहून ठेवा. पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये नवी चेन आणि स्प्रॉकेट एकमेकांत बसतात आणि चेन थोडी ढिली होते. हा दोष नव्हे. त्यानंतर एकदा गॅरेजात जाऊन ताण पुन्हा लावून घ्या, लॉक जागेवर आहे का ते बघा, आणि तेच माप पुन्हा घेऊन पहिल्या आकड्याखाली लिहा.